अकोला ते हाजीअली

उन्हाळ्याच्या सुटीत लोक मुलाबाळांना घेऊन मामाच्या गावाला जातात. आम्हीही जातो. फरक इतकाच, की आमच्या मामांचे गाव मुंबई, आणि जायचे असते ते हाजीअलीच्या इस्पितळात. २०१७ सालापासून आमच्या अकरा फेऱ्या झाल्या. एवढ्या फेऱ्यांत गेटवे ऑफ इंडिया पाहिलेला नाही. राणीची बाग एकदा पाहिली, तीही टॅक्सीतून, बाहेरूनच. पण हाजीअलीच्या बसस्टॉपवर सावली किती वाजता कोणत्या बाजूला पडते, पावसात कोणत्या दुकानाच्या वळचणीला उभे राहू देतात, हे आम्ही डोळे मिटून सांगू. आपल्या समाजात पुष्कळ घरांत असे एखादे लेकरू आहे. त्याला कुठे न्यावे हे कळत नाही म्हणून ते घरातच राहते, पाहुणे आले की आतल्या खोलीत. त्या घरांसाठी हे प्रवासवर्णन लिहावयास घेतले आहे.

आमच्या मुलीचा जन्म २०१४ च्या ऑगस्टमधला. घरात तिला सगळे छकुली म्हणतात, इथेही तेच नाव चालेल. जन्मली तेव्हा ती रडली नाही. किती वेळ रडली नाही हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि विचारायचे असते हे आम्हाला ठाऊक नव्हते. आठ महिन्यांची झाली तरी मान धरेना, वर्षाची झाली तरी बसेना. पाय सोडवायला गेले की दोन्ही पाय कात्रीसारखे एकावर एक चढत. मेंदूच्या ज्या भागाकडून हातापायांना हुकूम जातो त्या भागाला जन्माच्या वेळी इजा झाली होती. सेरेब्रल पाल्सी हे नाव आम्ही पुढे ऐकले. त्या आधी जी नावे ऐकली ती वेगळी होती.

कुणी म्हणाले, वारे गेले. कुणी म्हणाले, गरोदरपणात ग्रहण पाहिले असेल. एका मालिशवाल्याने सहा महिने तेल चोळले आणि पाय ओढून ओढून सरळ करू लागला. पोर काळीनिळी होईपर्यंत रडायची आणि तो म्हणायचा, शिरा मोकळ्या होत आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेले आमचे घर, नवस बोललो नाही, गंडादोरा बांधला नाही, याचा आम्हाला मनातून अभिमान होता. पण तेलवाल्याच्या हाती लेकरू दिलेच की! गळ्यात दोरा नसला म्हणजे माणूस अंधश्रद्धेतून सुटला असे होत नाही, हे तेव्हा उमगले नाही.

दुसरी गोष्ट जास्त लागली. एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एका वयस्कर उपासकांनी छकुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाले, “असते मागल्या जन्मीचं काहीबाही.” आम्ही काही बोललो नाही, जयभीम करून निघालो. घरी येऊन परमपूज्य बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढला आणि कर्मावरचे प्रकरण पुन्हा वाचले. या जन्मीचे दुःख हे मागील जन्मीच्या कृत्याचे फळ, ही शिकवण बुद्धाची म्हणून खपवली जाते, ती बाबासाहेबांनी तिथे नाकारली आहे. अशा शिकवणीचा उपयोग एकच, गरिबांच्या दुःखाची जबाबदारी समाजाने आणि राज्याने टाळावी, असा त्यांचा मुद्दा आहे. ते प्रकरण आम्ही आधीही वाचले होते. पण त्या रात्री मुलगी मांडीवर होती, म्हणून ते वेगळे वाचले गेले. दोष मागल्या जन्मीचा नसेल तर तो या जन्मीचा आहे. आणि या जन्मीचा असेल तर त्यावर या जन्मी काही करता आले पाहिजे.

पण काय करता येईल? २०१६ च्या अखेरीस आम्ही एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेलो. काचेची दारे, भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो. तिथे सांगितले की स्टेम सेल म्हणून उपचार आहे, पाठीच्या कण्यातून सुई द्यायची, मुलगी चालू लागेल. खर्च दोन लाख ऐंशी हजार, पुन्हा लागल्यास आणखी. आमच्याकडे दीड एकर कोरडवाहू जमीन. गिऱ्हाईक पाहिले, सौदा तोंडी ठरला. वाचक बंधु-भगिनींनो, तो सौदा मोडला तो आमच्या शहाणपणाने नव्हे. त्याच सुमारास अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक आले होते. त्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी छकुलीला पाहिले, आमचे कागद पाहिले आणि दवाखान्याचे ते रंगीत पत्रक घडी घालून परत दिले. “जमीन विकू नका. हाजीअलीला जा. केसपेपरला किरकोळ पैसे लागतील. आणि चालेल की नाही ते आधी विचारू नका. काय करायचं ते विचारा.” पुढे कळले की सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचारच नाही. काही ठरावीक रक्तविकार सोडले तर असे उपचार संशोधनाच्या चाचणीबाहेर देऊ नयेत असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितले आहे. तरीही अशी पत्रके आजही फिरतात. ज्यांच्या हाती पडतील त्यांनी सातबारा कपाटातच ठेवावा.

पहिली फेरी २०१७ च्या एप्रिलमधली. अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८५ किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेस रात्री मिळते आणि सकाळी दादरला सोडते. आमच्याकडे अपंगत्वाचा दाखला नव्हता, म्हणून अपंगांच्या डब्यात चढण्याची हिंमत झाली नाही. स्लीपरच्या एका बर्थवर आम्ही तिघे. ज्या लेकराचे अंग ताठ होते त्याला अरुंद फळीवर निजवणे म्हणजे काय, ते निजवणाऱ्यालाच ठाऊक. गाडीने रूळ बदलला की तिचे अंग दचकून धनुष्यासारखे वाके. भुसावळ, जळगाव, मनमाड, सगळी स्टेशने आम्ही जागेपणी मोजली. समोरच्या बर्थवरचे गृहस्थ मध्यरात्री उठले. आम्हाला वाटले आता तक्रार करणार. त्यांनी आपली खालची जागा आम्हाला दिली आणि स्वतः दाराजवळ जाऊन बसले. त्यांचे नाव विचारायचे राहिले.

दाखला नंतर मिळाला. त्यासाठी सरकारी रुग्णालयात चार खेपा झाल्या, त्यांपैकी दोन वेळा साहेब रजेवर. पण एकदा तो कागद हाती आला की प्रवास बदलतो. रेल्वेत मुलाला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, एस.टी.तही मुलाला सवलत आहे. रेल्वेचे वेगळे ओळखपत्र तेव्हा विभागीय कार्यालयातून काढून घ्यावे लागत असे, आपल्याकडच्या लोकांना त्यासाठी भुसावळ गाठावे लागे. अपंगांचा डबा गाडीच्या टोकाला असतो. प्लॅटफॉर्मवर पोरीला घेऊन पळत पळत तिथवर जायचे आणि पोहोचावे तर आत धडधाकट मंडळी पाय पसरून झोपलेली. उठा म्हटले तर उठत नाहीत, कागद दाखवला तर उठतात. म्हणून कागद पिशवीच्या तळाशी ठेवू नये, खिशात ठेवावा. आता युडीआयडीचे कार्ड आले आहे, ते गळ्यात अडकवता येते.

जाता जाता शब्दाबद्दल एक. सरकार आता दिव्यांग म्हणते. म्हणोत. आमच्या मुलीच्या अंगात दिव्य काही नाही, तिचे स्नायू ताठ आहेत आणि तिला गुळाचा शिरा आवडतो. दिव्य म्हटले की हात जोडले आणि काम संपले असे होते. अपंग म्हटले तरी आम्हाला राग येत नाही, डब्यातली जागा सोडली नाही की येतो.

मुंबईत आम्ही उतरतो ते वरळीच्या बी.डी.डी. चाळीत, मामांकडे. मामा गिरणीतले, १९८२ च्या संपानंतर मिळेल ती कामे केलेले. या चाळी इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात बांधलेल्या. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. खोली १६० चौरस फुटांची, संडास पॅसेजच्या टोकाला, सगळ्या मजल्याचे मिळून. मामा तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी छकुलीला घेऊन चढताना दर मजल्यावर कुणीतरी दार उघडून विचारी, “अकोल्याचे का?” तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत आमच्या हातात फक्त मुलगी उरली होती, पिशव्या आधीच वर गेल्या होत्या. या चाळींनी १९७४ ची दंगल पाहिली आहे, पँथरचे दिवस पाहिले आहेत. आम्ही मात्र पाहिले ते एवढेच, की १६० चौरस फुटांत पाच माणसे राहत होती आणि आमच्यासाठी त्यांनी पलंग रिकामा केला.

वरळीहून हाजीअली जवळ. बसने उतरले की समोर समुद्र आणि समुद्रात दर्गा. भरती आली की दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. एका बाजूला महालक्ष्मीचे देऊळ, दुसऱ्या बाजूला रेसकोर्स. २०२४ साली कोस्टल रोड सुरू झाल्यापासून किनाऱ्याचे रूप बदलले, पण तेव्हा समुद्र अगदी रस्त्याला लागून वाटे. त्या स्टॉपवर बस रिकामी होते आणि माणसे वाटली जातात. फुलांचा हार घेतलेली एकीकडे, डोक्याला रुमाल बांधलेली दुसरीकडे. आणि एका हातात एक्स-रे, दुसऱ्या हातात लेकरू घेतलेली केशवराव खाड्ये मार्गाकडे. चाळीतल्या एका शेजारणीने आम्हाला सांगितले होते, “एवढ्या लांब जाताच आहात तर दर्ग्यात चादर चढवा, आमच्या बहिणीला गुण आला.” बाई मनाने चांगली. आम्ही म्हटले, “ताई, चादर नको, पण आज दुपारी तिच्यासाठी खिमट तेवढं करून ठेवा.” तिने ते पंधरा दिवस केले.

अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था असे तिचे पूर्ण नाव, केंद्र सरकारची, १९५५ साली सुरू झालेली. बाहेरून पाहिले तर तुम्हाला काही वाटणार नाही. जुन्या सरकारी इमारती, लांब पडव्या, रांगा, खिडकीवर दोरीने बांधलेले पेन. पण इथे पहिल्यांदा आम्ही अशी जागा पाहिली जिथे आमच्या मुलीकडे कुणी वळून पाहत नाही. व्हीलचेअर, कुबड्या, जयपूर फूट, कॅलिपर, सगळे ये-जा करत होते. तिच्यासारखी मुले वीस-पंचवीस. आम्हीच तिथे नवखे. उत्तर प्रदेशातून आलेली एक आई होती, रत्नागिरीची एक, जालन्याचे आजोबा नातवाला घेऊन. बाकावर बसल्या बसल्या कुणी आडनाव विचारले नाही, गाव विचारले तेही नंतर. पहिला प्रश्न, “मान धरतं का?” दुसरा, “गिळता येतं का?” तिसरा, “स्प्लिंट किती दिवसांत मिळाले?” बाहेरच्या जगात आम्हाला दुसरेच तीन प्रश्न विचारले जातात.

आडनावाचा प्रश्न मुंबईत आला नाही असे नाही. तिसऱ्या फेरीला दीड महिना राहायचे होते. मामांवर किती दिवस भार टाकायचा, म्हणून आम्ही जवळपास एक खोली पाहिली. बाईंनी मुलीला पाहून हळहळ व्यक्त केली, पाणी दिले, भाडेही कमी केले. मग आडनाव विचारले. सांगितले. संध्याकाळी निरोप आला की खोली पुतण्याला हवी आहे. मुलीच्या पायांची दया आली, आडनावाची आली नाही. मामींना सांगितले तर त्या भडकल्या, बाईंवर नव्हे, आमच्यावर. “खोली बघायला गेलातच कशाला? इथं कुणी हाकलत होतं?”

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तपासले, कंबरेचा एक्स-रे काढायला लावला, आणि भौतिकोपचाराच्या खोलीत पाठवले. गाद्या, मोठे रंगीत चेंडू, लाकडी गोल लोड, समांतर दांड्या. तिथल्या ताई वयाने आमच्याहून लहान. छकुलीची आई तिला दोन्ही हातांवर आडवी घेऊन उभी होती, तान्ह्या बाळाला घेतात तशी. तीन वर्षे तिला आम्ही असेच घेत होतो, जपून, पाय एकत्र गुंडाळून. ताई म्हणाल्या, “आई, असं धरू नका. कडेवर घ्या. दोन पाय दोन बाजूंना.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. गावाकडे छकुलीची आजी सारखे हेच म्हणत होती. “लेकराले असं काहून धरतं व? कडेवर घे ना!” आणि आम्ही शिकलेले म्हणून तिला गप्प करत होतो, की आजी, तिला दुखेल. ताईंनी समजावून सांगितले. कडेवर घेतले की पाय फाकलेले राहतात, मांड्यांच्या आतल्या बाजूचे ताठ स्नायू हळूहळू सैलावतात, कंबरेचा सांधा खोबणीत राहायला मदत होते. पाठ आणि मान स्वतः सांभाळावी लागते, हात मोकळे राहतात, आणि मुलाला आपल्यासारखेच समोरचे जग दिसते. आडवे घेतलेल्या मुलाला नुसते छप्पर दिसते. तीन वर्षे आमच्या मुलीने छप्पर पाहिले होते.

त्या दिवशी संस्थेतून बसस्टॉपपर्यंत छकुली पहिल्यांदा कडेवर बसून आली. मान डुगडुगत होती, लाळ खांद्यावर गळत होती. समुद्र दिसला तेव्हा ती मोठ्याने ओरडली. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी वळून पाहिले. आम्ही ओरडू दिले.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी बसवून सगळे सांगितले. मेंदूला झालेली इजा भरून येणारी नाही, पण ती वाढणारही नाही. वाढते ते हाड. हाड वाढते आणि ताठ स्नायू मागे राहतो, म्हणून रोज ताणावा लागतो, नाहीतर टाच उचलली जाते आणि सांधे आखडतात. औषधाची गोळी घेऊन हे होत नाही, महिन्यातून एकदा मुंबईला येऊनही होत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ घरी करायचे, तुम्हीच करायचे. आम्ही इथे शिकवतो, तपासतो, स्प्लिंट बनवतो. डॉक्टरीणबाईंनी न विचारायला सांगितलेला प्रश्न शेवटी छकुलीच्या वडिलांनी विचारलाच, “चालेल का?” डॉक्टर म्हणाले, “आधी बसू द्या. बसून जेवू द्या. शाळेत जाऊ द्या.” त्या रात्री चाळीच्या गॅलरीत उभे राहून आम्ही दोघे बराच वेळ रडलो. मामा बाहेर आले, काही बोलले नाहीत, विडी ओढून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून पॅसेजमध्ये व्यायाम सुरू झाला. खोलीत जागा नव्हती म्हणून चटई पॅसेजमध्येच. लोडाऐवजी गोधडीची घट्ट वळकटी, तिच्यावर छकुलीला पाय फाकून बसवायचे आणि समोर कुणीतरी टाळ्या वाजवायच्या. टाळ्या वाजवायला माणसांची कमी नव्हती. शाळेतून आलेली पोरे दप्तर टाकून आधी तिथे बसत. एकाने अंक म्हणायला सुरुवात केली, पाय ताणताना तीसपर्यंत मोजायचे असते ना, तर सगळा मजला मोजू लागला. सव्वीस-सत्तावीसला छकुली हसायची, तिला कळायचे की आता सुटका आहे. आम्ही परत जायला निघालो तेव्हा ती आधाराशिवाय वीस मोजेपर्यंत बसत होती.

रविवारी संस्थेची बाह्यरुग्ण खिडकी बंद. अशाच एका रविवारी आम्ही तिला चैत्यभूमीवर नेले. सहा डिसेंबरला आम्ही लग्नाआधी आलो होतो, तेव्हा गर्दीत पाऊल ठरत नव्हते. साध्या रविवारी तिथे शांतता असते. आत वंदना घेतली आणि बाहेर चौपाटीच्या वाळूत बसलो. वाळूत बसवले की तिचे पाय आपोआप थोडे रुतत, आधार मिळे. तिने मूठ भरून वाळू घेतली. मूठ उघडता येईना, म्हणून ती तशीच मुठीत धरून वरळीपर्यंत आली. मामींनी रात्री कोमट पाण्यात हात धरून बोटे एकेक सोडवली.

गावी आल्यावर छकुलीच्या वडिलांनी अंगणात दोन बांबू आडवे बांधून समांतर दांड्या तयार केल्या. आजीला व्यायाम शिकवले. आजीला अंक म्हणता येत नव्हते, म्हणून ती तीसपर्यंत मोजण्याऐवजी त्रिसरण म्हणे, वेळ तेवढाच होई. आपल्या जिल्ह्यातही लहान मुलांसाठी तपासणी आणि भौतिकोपचाराची सोय आहे हे आम्हाला मुंबईत कळले, याचे हसू येते आणि चीडही. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर अशी केंद्रे उभारण्याचे २०१३ पासून ठरलेले आहे. आधी तिथे चौकशी करावी, मग मुंबईचे तिकीट काढावे. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि भौतिकोपचारही बसतो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती आहे. आमच्या विहारातल्या महिला मंडळाने तिचे अर्ज आणून ठेवले, तेव्हा तालुक्यातून सात घरे पुढे आली. सात! त्या सात मुलांपैकी पाच आम्ही त्यापूर्वी कधी पाहिलीही नव्हती.

सगळे चढतेच होते असे समजू नये. २०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या. छकुलीचे पाय वाढत होते, स्प्लिंट वाढत नव्हते. टाचेला फोड येऊ लागले म्हणून ते काढून ठेवले. व्यायाम चालू होते, पण घरात आजारपण, हाताला काम नाही, आणि खरे सांगायचे तर आम्ही दमलो होतो. चुकत गेले. दीड वर्षाने पुन्हा हाजीअलीला गेलो तेव्हा तिच्या दोन्ही टाचा जमिनीपासून दोन बोटे वर होत्या. ताई रागावल्या नाहीत, नोंद लिहिली. त्यांनी न रागावणे जास्त जड गेले. गेलेले सगळे परत मिळाले नाही. आजी २०२१ च्या लाटेत गेली, तीही परत आली नाही.

आज छकुली पाचवीत आहे, गावातल्याच शाळेत. कायद्याने तिला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात तसे कलमच आहे. तरी मुख्याध्यापकांना ते वाचून दाखवावे लागले. घरात ती वॉकर धरून चालते, अंगणात बांबू धरून. लांब जायचे तर खुर्ची. बोलणे घरच्यांना कळते, बाहेरच्यांना वेळ लागतो. गणित चांगले आहे. तीसपर्यंतचे पाठांतर लवकर झाले ना!

वरळीची ती चाळ आता जात आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या, ५०० चौरस फुटांची घरे, लिफ्टसह. मामांचा नंबर अजून लागायचा आहे. मामी फोनवर सांगतात, “लिफ्ट आली की पोरीला घेऊन महिनाभर राहा.” छकुलीने विचारले, नव्या घराला पॅसेज आहे का? मामींना सांगता आले नाही.

येत्या मे महिन्यात बारावी फेरी. स्प्लिंट पुन्हा आखूड झाले आहेत, अंगठा पुढे येतो. जातानाचा प्रवास तिला आवडत नाही, परतीचा आवडतो. परतीच्या गाडीला कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून ढकलणारी इंजिने जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. आमचा डबा टोकाचा, त्यामुळे कधी कधी इंजिन अगदी आमच्या पाठीशीच येऊन लागते आणि जोराचा धक्का बसतो. पूर्वी त्या धक्क्याने तिचे अंग ताठ व्हायचे आणि ती रडायची. आता कल्याण सुटले की ती झोपायला तयार नसते. खिडकीची सळई दोन्ही हातांनी धरून बसते आणि आम्हालाही सळई धरायला लावते. कसाऱ्याला गाडी थांबली की बोट ओठांवर ठेवते, म्हणजे कुणी बोलायचे नाही. मग आम्ही तिघे गप्प बसून धक्क्याची वाट पाहतो.